अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र मिळून पीएचडी : आधी काय, नंतर काय

“अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र दोन्ही घेऊन पीएचडी करायची आहे, फॉर्म कधी सुटतात?” सांगली-साताऱ्याकडच्या एमए झालेल्या मुलामुलींचा हा नेहमीचा प्रश्न. गडबड इथूनच सुरू होते, कारण फॉर्म ही या कामातली चौथी-पाचवी पायरी आहे. अनेक जण तिथूनच चढायला लागतात आणि दोन वर्षांनी विषय बदल, गाइड बदल असे अर्ज करत बसतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडच्या राज्य विद्यापीठांत पीएचडी एका विषयात नोंदवली जाते. पदवीवर ‘अर्थशास्त्र’ तरी येतं किंवा ‘राज्यशास्त्र’ तरी. दुसरा विषय आत येतो तो संशोधनाचा प्रश्न, सहमार्गदर्शक आणि कोर्सवर्क या तीन वाटांनी. पुण्याच्या गोखले संस्थेच्या नावात राज्यशास्त्र आहे म्हणून तिथे जोड पदवी मिळेल असं समजून काही जण जातात. तिथला अभ्यास मुख्यतः अर्थशास्त्राचाच आहे. परदेशात काही ठिकाणी खरोखरच संयुक्त पीएचडी असते, तिच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

## टप्पा १ : आधी प्रश्न, मग शीर्षक

सिनॉप्सिसवर (संशोधनाच्या आराखड्यावर) हमखास दिसणारं एक शीर्षक घेऊ: ‘सांगली जिल्ह्यातील सहकारी साखर कारखान्यांचे राजकारण व अर्थकारण : एक चिकित्सक अभ्यास’. यात जिल्हा आहे, संस्था आहे, दोन्ही विषयांची नावंही आहेत. फक्त काय शोधायचं आहे ते नाही. असं शीर्षक घेतलं की पहिलं प्रकरण जिल्ह्याची ओळख, दुसरं सहकाराचा इतिहास, तिसरं कारखान्यांची यादी असा प्रवास होतो आणि चौथ्या प्रकरणाला लिहायला काही उरत नाही.

आता तोच विषय प्रश्नात बसवू. संचालक मंडळाची निवडणूक ज्या हंगामाच्या आसपास असते, त्या हंगामात ऊसबिल एरवीपेक्षा लवकर किंवा जास्त मिळतं का? मिळत असेल तर ते सगळ्या गटांना मिळतं की ठरावीक गावांना? आणि निवडणूक झाल्यावर दर पुन्हा खाली येतो का?

या प्रश्नाला अर्थशास्त्र लागतं, कारण दर, उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण), थकबाकी आणि कर्ज यांचा हिशेब मांडावा लागतो. राज्यशास्त्र लागतं, कारण पॅनेल कसं बनतं, अध्यक्ष विधानसभेला उभा आहे का, विरोधी गट कुठल्या गावांत आहे हे कळल्याशिवाय आकड्यांना अर्थ येत नाही. एक विषय काढून टाकला तर प्रश्न कोसळतो का, हे पाहा. कोसळत नसेल तर तो दोन विषयांचा प्रश्नच नाही. मग साध्या एका विषयात पीएचडी करा, त्यात कमीपणा काही नाही.

आपल्या भागात असे प्रश्न पायलीला पन्नास मिळतील. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचं पाणी कुठल्या गावाला कधी पोचलं आणि त्याचा मतदानाशी काही संबंध दिसतो का? माण-खटावच्या दुष्काळी कामांचं वाटप कशावर ठरलं? तासगावच्या बेदाण्याच्या किंवा सांगलीच्या हळदीच्या बाजारात बाजार समितीवर सत्ता असलेल्या गटाचा अडत आणि तोलाईच्या नियमांवर काय परिणाम होतो?

तपासा : प्रश्न दोन वाक्यांत लिहा आणि शेती करणाऱ्या एखाद्या काकांना वाचून दाखवा. त्यांनी लगेच “व्हय, असंच हाय” किंवा “तसं नसतंय काय” असं म्हटलं तर प्रश्न जिवंत आहे. “चांगला विषय आहे” एवढंच म्हटलं तर पुन्हा लिहा.

## टप्पा २ : घरचा विषय ठरवा

दोन्हीपैकी कुठल्या विषयाच्या छपराखाली नोंदणी करायची, हे आवडीपेक्षा तीन गोष्टींवर ठरवा: तुमचं एमए कशात आहे, नेट-सेट (प्राध्यापक पात्रतेची परीक्षा) कशात आहे किंवा होण्यासारखं आहे, आणि पुढे नोकरी कशात हवी आहे.

तिसरा मुद्दा सगळ्यांत जास्त दुर्लक्षित होतो. महाविद्यालयांच्या जाहिराती ‘सहायक प्राध्यापक, अर्थशास्त्र’ अशा एका विषयाच्या असतात. छाननीत एमएचा आणि नेट-सेटचा विषय पाहतात. एमए अर्थशास्त्र, नेट अर्थशास्त्र आणि पीएचडी राज्यशास्त्र अशी मिसळ झाली की दोन्हीकडच्या मुलाखतीत “तुम्ही नक्की कुठले?” हे ऐकावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे: शिकवण्याची नोकरी हवी असेल तर पीएचडी एमएच्याच विषयात नोंदवा आणि दुसरा विषय आत आणा.

काही जण दुसऱ्या विषयात दूरस्थ एमए करायचं म्हणतात. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिली आहे, पण ती पीएचडीला लागू नाही. म्हणजे हे एमए करायचंच असेल तर पीएचडीला प्रवेश घेण्याआधी करा. मला विचाराल तर राज्यशास्त्राच्या दुसऱ्या एमएपेक्षा सांख्यिकीचा एक धड अभ्यासक्रम जास्त कामी येतो.

## टप्पा ३ : पात्रता आणि कागदपत्रांची फाइल

सध्याचे नियम यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी विनियमांतून आलेले आहेत. गाभा असा:

- तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचं एमए, किमान ५५ टक्के. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत.
- चार वर्षांची पदवी असेल तर एमए नसतानाही अर्ज करता येतो, पण किमान ७५ टक्के हवेत. सवलत इथेही आहे.
- कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६ वर्षं. फेरनोंदणीने आणखी २ वर्षं मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर २ वर्षांची सूट. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा.
- अर्धवेळ पीएचडी चालते, पण नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीची पीएचडी चालत नाही.

५४.९ टक्के म्हणजे ५५ नव्हे. ग्रेड पॉइंटचं टक्क्यांत रूपांतर विद्यापीठाच्या अधिकृत सूत्रानेच करा आणि ते सूत्र फाइलला लावा.

गुणपत्रकं, पदवी प्रमाणपत्र, स्थलांतर प्रमाणपत्र, जात आणि जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, नावात बदल असेल तर राजपत्राची प्रत, हे सगळं जाहिरात येण्याआधी एका फाइलमध्ये हवं. दुसऱ्या विद्यापीठातून शिवाजी विद्यापीठात येणाऱ्यांचं घोडं बहुधा स्थलांतर प्रमाणपत्रापाशी अडतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं राजपत्रापाशी.

सावधान : ‘सहा महिन्यांत पीएचडी, पॅकेजसह’ असं सांगणारे एजंट आपल्या भागातही फिरतात. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन विद्यापीठांचे पीएचडी प्रवेश पाच वर्षांसाठी बंद केले. पैसे भरण्याआधी विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या संकेतस्थळावर पाहा.

## टप्पा ४ : नेट, की विद्यापीठाची पेट?

जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट आहेत: जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह) पात्र, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेशाला पात्र, आणि फक्त पीएचडी प्रवेशाला पात्र. जेआरएफवाल्यांची निवड मुलाखतीवर होते. बाकी दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि पीएचडी प्रवेशासाठी ते गुण एक वर्षच चालतात. सहायक प्राध्यापकाची पात्रता मात्र आयुष्यभर राहते. या दोन मुदतींची लोक सर्रास सरमिसळ करतात.

विद्यापीठ स्वतःची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) घेत असेल तर तिच्यात निम्मा भाग संशोधन पद्धतीचा आणि निम्मा विषयाचा असतो. ज्या विद्यापीठात अर्ज करणार, त्याची चालू वर्षाची अधिसूचना वाचा. गेल्या वर्षी मित्राला काय लागलं होतं ते यंदा लागेलच असं नाही.

जेआरएफचा प्रयत्न जरूर करा. १ जानेवारी २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे, पुढे एसआरएफला (वरिष्ठ अधिछात्रवृत्तीला) ४२,०००. वयाची अट ३० वर्षं, महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. ती हुकली तर राज्य सरकारच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्ती आहेत. त्यांच्या जाहिरातींचं वेळापत्रक बेभरवशाचं आहे, तेव्हा घरखर्च त्यांच्या भरवशावर ठरवू नका.

## टप्पा ५ : गाइड आणि सहमार्गदर्शक

गाइड शोधताना विचारायचे प्रश्न अवघड वाटतात, पण विचारायचेच.

जागा रिकामी आहे का? प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगीला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला किती वर्षं आहेत? तीन वर्षांपेक्षा कमी असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. नेमणूक पूर्णवेळ नियमित आहे का? सीएचबीवरचे (तासिका तत्त्वावरचे) सर कितीही हुशार असले तरी नियमाने गाइड होऊ शकत नाहीत. आणि शेवटचा प्रश्न: मागच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? हा सरांना न विचारता त्यांच्या विद्यार्थ्यांनाच विचारा. चहाच्या टपरीवर खरं उत्तर मिळतं.

आंतरविद्याशाखीय कामासाठी विभागाबाहेरचा, अगदी विद्यापीठाबाहेरचाही सहमार्गदर्शक घेता येतो, फक्त सक्षम प्राधिकरणाची मंजुरी लागते. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र दोन्ही मानव्यविद्या शाखेतच येतात, म्हणून कागदोपत्री हे वाटतं तेवढं कठीण नाही. कठीण असतं ते दोघांना एका टेबलाशी बसवणं. मुख्य गाइड म्हणतात आकडे वाढवा, सहमार्गदर्शक म्हणतात मुलाखती वाढवा, आणि विद्यार्थी दोघांना हो म्हणत प्रबंध जाडजूड करत राहतो. प्रस्ताव लिहितानाच कुणी कुठली प्रकरणं पाहायची हे दोघांसमोर ठरवा आणि ईमेलने नोंदवून ठेवा.

सावधान : सहमार्गदर्शक ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. नोंदणीनंतर नाव घालायचं तर समितीच्या पुढच्या बैठकीची वाट बघावी लागते.

## टप्पा ६ : प्रस्ताव आणि मुलाखत

प्रस्तावात प्रश्न पहिल्या पानावर हवा. त्यानंतर आधीच्या संशोधनाने काय दाखवलं आणि काय सोडलं, माहिती कुठून येणार, पद्धत कुठली आणि वेळापत्रक काय, एवढं पुरे. महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांवर परदेशातल्या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी शोधनिबंध लिहिलेले आहेत. ते न वाचता ‘या विषयावर संशोधन झालेले नाही’ हे वाक्य लिहिलं की मुलाखतीत पहिला चेंडू तिथेच पडतो. आधीचे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर मोफत पाहता येतात, आणि कोल्हापूरच्या बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात एक-दोन दिवस सहज सत्कारणी लागतात.

मुलाखतीत हमखास विचारतात: “हे अर्थशास्त्रात कसं बसतं? राज्यशास्त्रात का नाही केलं?” यावर “सर, विषय आंतरविद्याशाखीय आहे” हे उत्तर नव्हे. उत्तर असं द्या: “ऊसदर हा माझा परिणाम आहे, निवडणूक हे कारण. परिणाम मोजण्याची पद्धत अर्थशास्त्राची आहे. कारण समजून घ्यायला राज्यशास्त्राचे सहमार्गदर्शक आहेत.”

## टप्पा ७ : कोर्सवर्क आणि सुटलेलं गणित

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं, त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा भाग सक्तीचा, आणि किमान ५५ टक्के लागतात. एखादा पेपर दुसऱ्या विभागात करता येईल का, हे सुरुवातीलाच लेखी विचारा. दुसरा विषय अधिकृतपणे आत आणण्याची ही सर्वांत स्वस्त संधी असते आणि बहुतेक जण ती वाया घालवतात.

कला शाखेतून आलेल्यांचं गणित दहावीनंतर सुटलेलं असतं. दोन्ही विषय जोडणाऱ्या संशोधनात ते आज ना उद्या गाठतंच. क्रम असा ठेवा: आधी वर्णनात्मक सांख्यिकी आणि संभाव्यता, मग साधं समाश्रयण (रिग्रेशन), मग अनेक कारखाने आणि अनेक वर्षं एकत्र पाहणारं पॅनेल विश्लेषण. खेळ सिद्धांताची (गेम थिअरीची) तोंडओळखही हवी. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावर यातले बरेच अभ्यासक्रम आहेत. सॉफ्टवेअर म्हणून ‘आर’ शिका, ते फुकट आहे. ‘विश्लेषण बाहेरून करून घेऊ’ हा विचार सोडा, कारण व्हायवात (तोंडी परीक्षेत) तक्त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवून “हा कसा आला?” एवढंच विचारलं तरी घाम फुटतो.

## टप्पा ८ : माहिती गोळा करताना

सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो. आपला उसाचाच प्रश्न पुढे नेऊ.

कोरा तक्ता आधी आखा. प्रत्येक ओळ म्हणजे एक कारखाना, एक हंगाम. रकाने: गाळप, उतारा, देय एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर), प्रत्यक्ष दिलेला दर, पैसे दिल्याची तारीख, संचालक मंडळाच्या निवडणुकीचं वर्ष, अध्यक्षाचा पक्ष किंवा गट, तो त्या वेळी आमदार-खासदार किंवा उमेदवार होता का. तक्ता आखल्याशिवाय एकाही कार्यालयाची पायरी चढू नका, नाहीतर झेरॉक्सचा ढीग जमतो आणि हवा तो रकाना रिकामाच राहतो.

कारखान्याचा वार्षिक अहवाल सर्वसाधारण सभेआधी सभासदांना मिळतो. घरात कुणी सभासद असेल तर माळ्यावरच्या गठ्ठ्यात जुने अहवाल सापडतील. ताळेबंद आणि गाळप-उताऱ्याचे आकडे त्यात असतात. एफआरपी आणि थकबाकी यांची माहिती पुण्याच्या साखर आयुक्तालयात, संचालक मंडळाच्या निवडणुकांची राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे. विधानसभा-लोकसभेचे केंद्रनिहाय निकाल निवडणूक आयोगाच्या फॉर्म २० मध्ये मिळतात. तालुक्यांची साधी आकडेवारी जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनात असते.

माहिती अधिकाराचा अर्ज थेट कारखान्याला करणं ही जुनी चूक. सहकारी संस्था केवळ सहकार कायद्याखाली नोंदलेली आहे म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. अर्ज साखर आयुक्तालयाला किंवा सहनिबंधक कार्यालयाला करा. त्यांच्याकडे असलेली माहिती मागता येते.

आकडे जुळवताना कुठे पाय घसरतो तेही पाहू.

एफआरपी १०.२५ टक्के मूळ उताऱ्यावर ठरते आणि उताऱ्याप्रमाणे वाढते, शिवाय त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. उतारा न पाहता दोन कारखान्यांचे दर शेजारी ठेवले तर हवामान आणि जमिनीचा फरक तुम्ही राजकारणाच्या खात्यावर टाकाल. कायद्याने पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने दोन टप्प्यांत एफआरपी देण्याचा निर्णय काढला आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या हंगामांतला ‘उशीर’ एकच धरता येत नाही.

मतदारसंघांचंही तसंच. २००८ च्या पुनर्रचनेत भिलवडी-वांगी गेला आणि पलूस-कडेगाव आला. कराड लोकसभा मतदारसंघच राहिला नाही. आज वाळवा-शिराळ्याकडचे मतदार हातकणंगले लोकसभेला, तर माण-फलटणचे माढ्याला मत देतात. ‘सांगली जिल्हा’ आणि ‘सांगली लोकसभा’ एक समजून २००४ आणि २००९ चे आकडे एका रेषेत ठेवलेले प्रबंध आहेत. तुम्ही त्यात भर घालू नका. गाव हे एकक धरा, म्हणजे सीमा बदलली तरी हिशेब मोडत नाही.

भाड्याने चालवायला दिलेले कारखाने वेगळे काढा. फाटकावरचं नाव तेच असतं, पण दर ठरवणारा वेगळा असतो. आणि कोविडमुळे पुढे ढकललेल्या सहकारी निवडणुका अडचण समजून वगळू नका. निवडणुकीची तारीख तिथे कारखान्याच्या सोयीने ठरली नव्हती, म्हणून कार्यकारण तपासायला ती वर्षं सोन्यासारखी आहेत.

तपासा : मुलाखतींना जाताना गावातल्या एकाच गटाच्या माणसाच्या गाडीवर बसून जाऊ नका. दुसरा गट तुमच्याशी तोंडदेखलंच बोलेल.

## टप्पा ९ : सादरीकरण ते व्हायवा

दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. समितीच्या सूचना तारखेसह लिहून ठेवा. २०२२ च्या विनियमांत शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती नाही, तरी विद्यापीठाचा स्वतःचा नियम पाहा. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलच्या नादी लागू नका. साहित्यचोरीच्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाशिवाय सुटतं. मराठीत लिहिलं म्हणून सॉफ्टवेअर पकडणार नाही, या समजावर राहू नका. बाहेरचे परीक्षक मराठी वाचतात.

## परदेशातली संयुक्त पीएचडी

हार्वर्डमध्ये ‘पोलिटिकल इकॉनॉमी अँड गव्हर्नमेंट’ अशी पीएचडीच आहे. स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये ‘पोलिटिकल इकॉनॉमिक्स’ ही शाखा आहे. कॅलटेकच्या समाजविज्ञान पीएचडीत दोन्ही विषय एकत्र येतात. इथे क्रम उलटा असतो: आधी गणित, मग शिफारसपत्रं, मग प्रश्न.

गणित म्हणजे अनेक चलांचं कलन, रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि शक्यतो वास्तव विश्लेषण (रिअल अ‍ॅनालिसिस), तेही गुणपत्रकावर दिसेल असं. नुसतं बीए-एमए कला असेल तर थेट अर्ज करण्याआधी गणिती अर्थशास्त्राचं एमएस्सी किंवा संशोधन सहायक म्हणून एक-दोन वर्षांचं काम असा मधला टप्पा धरा. अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरात संपते, म्हणून तयारी आदल्या उन्हाळ्यातच सुरू व्हायला हवी. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत शिक्षणशुल्क माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं, तेव्हा शेत गहाण टाकून पीएचडीला जाण्याची वेळ आली तर ती जागाच चुकीची समजा.

शिफारसपत्रं बहुतेक तीन लागतात. ‘विद्यार्थी प्रामाणिक व कष्टाळू आहे’ या छापील मजकुराला तिथे काही किंमत नसते. तुमचं एखादं काम ज्यांनी ओळीन् ओळ वाचलं आहे आणि तुम्ही कुठला प्रश्न कसा सोडवलात हे जे लिहू शकतील, अशांकडून पत्र घ्या. संस्थाचालक किंवा आमदार यांचं पत्र जोडू नका.